व्हिलेजमधला बस्ता

मी तीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या. एकही पोर हरवलं नाही, आणि जितक्या वाजता परत येऊ म्हणाले तितक्या वाजता अकोल्याच्या शाळेच्या फाटकात गाडी उभी केली. आता निवृत्त झाले, पण सवय थोडीच निवृत्त होते. म्हणून माझ्या भाचीच्या, रागिणीच्या लग्नाचा बस्ता कुठे बांधायचा हा विषय घरात निघाला, तेव्हा मी चर्चा होऊच दिली नाही.

“नांदगाव पेठेच्या पुढे हायवेवर ते नवीन आउटलेट व्हिलेज झालं ना, तिथे जाचं. एका दिवसात जाऊन येऊ. सगळं मी पाह्यतो,” मी सांगून टाकलं.

आमच्या वामनरावांनी पेपर खाली केला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण माझा बेत ऐकला की यांना अजूनही आधी शंका येते. “तिथे बस्ता? तिथे लोक पर्स घ्यायले जातात. ना गादी, ना तक्क्या. चहा कोन पाजन?”

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. बस्ता म्हणजे दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं, एकच दुकान आणि अख्खा दिवस. गादीवर मांडी घालून बसायचं, दुकानदारानं चहा-नाश्ता पुरवायचा, आणि नवरीच्या शालूपासून मामेसासऱ्याच्या टोपी-टॉवेलापर्यंत सगळं तिथूनच उचलायचं. सुरुवातीची रीत ठरलेली. दुकानदार हळद-कुंकवाचं ताट पुढे सरकवतो आणि म्हणतो, चला, एक सवाष्ण पुढे या. ती पहिल्या कापडाला कुंकवाचं बोट लावते. मग शालू उघडतात.

व्हिलेजमध्ये ताट नाही. माझ्या सगळ्या बेताचं मूळ तेवढंच होतं, आणि ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

रागिणीची आई, म्हणजे माझी शकुनवहिनी, विधवा आहे. माझा भाऊ सूर्यभान जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचं बी-बियाण्याचं दुकान वहिनीनं एकटीनं चालवलं, दोन्ही मुली शिकवल्या. खरिपाच्या तोंडावर पन्नास गिऱ्हाइकं काउंटरवर चढलेली असतात, ती आवाज न चढवता सगळ्यांना रांगेत उभं करते. जुना साठा गळ्यात मारायला आलेला कंपनीचा माणूस पायरीवरूनच परत जातो. पण थोरल्या मुलीच्या बस्त्याला ती आली नव्हती. कुंकवाच्या ताटापुढे ती अवघडेल, चार बाया चार गोष्टी बोलतील, म्हणून ती घरी थांबली. थोरलीचा शालू मी निवडला. सगळ्यांनी नावाजला. वहिनीनं त्याची घडीसुद्धा मोडली नाही, नुसता वरून पाहिला, “चांगला हाय” म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

त्याला नऊ वर्षं झाली. तो चहा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही. रागिणीचा शालू तिच्या आईनं आपल्या हातानं निवडायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. त्यासाठी ताट नसलेलं दुकान हवं होतं, आणि ते सापडलं होतं.

अडचण होती केशरबाईंची. केशरबाई म्हणजे होणाऱ्या जावयाच्या, कुलदीपच्या आत्या. राहणार मूर्तिजापूरच्या. कुलदीपला त्यांनीच वाढवलं, त्यामुळे त्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. बाई मनानं चांगल्या, पण रीत म्हटली की इकडची तिकडे होऊ देत नाहीत.

मी आधी व्हिलेजच्या चौकशीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे पुण्याकडची असावी अशी मुलगी होती, फार गोड बोलत होती.

“कापडाले हळद-कुंकू लावता येते का?” मी विचारलं.

“सॉरी मॅम, बिलिंगच्या आधी मर्चंडाइजला काहीही लावता येत नाही.”

“नारळ फोडता येते?”

“नो मॅम.”

“खाली बसता येते?”

ती जरा थांबली. “सोफा आहे मॅम.”

मी तिला मनापासून आशीर्वाद दिले. इतकं चांगलं “नाही” मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं.

मग केशरबाईंना फोन. तिथे मी सगळा जोर किमतीवर दिला. मोठमोठ्या नावांचा माल, मागच्या हंगामाचा, अर्ध्या भावात. कुलदीपचा सूटही तिथेच होईल. सूट म्हटल्यावर त्या विरघळल्या.

“बरं. सवाष्णी किती येऊन राहिल्या?” त्यांनी विचारलं.

“तुमच्याकडच्या धरून सात.”

“अन बाकी?”

“रागिणी, कुलदीप, अन शकुनवयनी.”

“शकुनबाई कशाले? उगाच त्याइले अवघड होते.”

आता इथे खरं बोलायला हवं होतं. पण बेत इतका छान जमत आला होता की मला तो मोडवेना. मी म्हणाले, “मापाले वो. पोरीच्या ब्लाउजचं माप आईलेच समजते. ती एका बाजूले बसन.”

“मापाले असन तं येऊ द्या,” केशरबाई म्हणाल्या, आणि मी वहीत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

गाडी अब्दुल गफ्फारची ठरवली. त्याची मुलगी तहरीम माझ्या हाताखाली शिकली, त्यामुळे तो मला भाड्याच्या गोष्टी करत नाही, मीच करते. मी त्याला सगळं वेळापत्रक वाचून दाखवलं. सहाला अकोला, सातला मूर्तिजापूर, नऊच्या आत अमरावती ओलांडायची, दहाला फाटक उघडतं तेव्हा आपण फाटकात. जेवण गाडीतच, कारण आत बाहेरचं अन्न चालत नाही. पुऱ्या, बेसन, मिरचीचा ठेचा आणि दही. परत येताना नांदगाव पेठेला चहा.

“मॅडम, तुमी तं कलेक्टर व्हायले पाह्यजे होत्या,” गफ्फार म्हणाला. मला ते पटलं.

सगळ्यात शेवटी मी वहिनीच्या दुकानावर गेले. ती एका शेतकऱ्याला थैली उघडून बियाणं दाखवत होती.

“गुरुवारी सहाले तयार राह्य. व्हिलेजले जाचं हाय, बस्त्याले.”

तिनं वर पाहिलं. “मी? मी काहून?”

“पोरीची माय हायेस म्हून. काही इचारू नको, मी सगळं पाह्यलं हाय.”

विचारावं की नाही असं काहीतरी चाललं होतं तिच्या मनात. मग “बरं” म्हणाली आणि थैलीचं तोंड बांधू लागली. मी खुशीत घरी आले.

गुरुवारी सहाला पाच कमी असताना गाडी निघाली. मूर्तिजापूरला केशरबाई चार बाया आणि कुलदीपला घेऊन रस्त्यावरच उभ्या होत्या, हातात पितळी करंडा आणि पिशवीत नारळ. रीत मोडणार नव्हत्याच त्या. बसल्या त्या नेमक्या वहिनीशेजारी. पाणी प्यायल्या, पदर सारखा केला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बरं झालं वो शकुनबाई, तुमी मापाले आल्या. जमुनाबाईनं सांगितलं मले.”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलंही नाही, खिडकीबाहेर पाहत राहिली. मला जरा टोचलं. पण घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती, आपण वेळेत होतो, आणि एकदा आत शिरलो की सगळं सुरळीत होणार होतं. मी पुऱ्यांचा डबा मोजून मांडीवर घेतला.

व्हिलेज पाहून केशरबाईंचा पहिला प्रश्न असा, “याले खेडं म्हनते? येक ढोर दिसत नाही.” फरशीचे रस्ते, दोन्ही बाजूंना कौलारू दिसणारी पण आतून गार दुकानं, मधे कारंजं, आणि ठिकठिकाणी लाकडी बाकं. फाटकावरच्या रखवालदारानं नारळ हातात घेऊन उलटसुलट पाहिला. केशरबाई त्याला म्हणाल्या, “बाप्पा, नारळ हाय, फुटत नाही आपोआप.” त्यानं हसून सोडलं.

रेशमी साड्यांचं दुकान कोपऱ्यावर होतं. मी आधीच फोन करून ठेवला होता, त्यामुळे तिथल्या मुलीनं आठ-दहा शालू बाजूला काढले होते. केशरबाईंनी आत शिरताच करंडा उघडला. मुलगी धावत आली.

“मॅम, प्लीज! बिल होईपर्यंत काही लावू नका.”

“येक बोट लावू द्या.”

“नाही मॅम. डाग पडला तर मला भरावा लागेल.”

केशरबाईंनी तोंड वाकडं केलं आणि करंडा बंद केला. “बरं. बिल झाल्यावर लावू.”

जिंकले, मी मनात म्हणाले. ताट गेलं, सवाष्ण गेली, आता कोण पुढे आणि कोण मागे हा प्रश्नच उरला नाही. मी वळले, वहिनीला पुढे ओढायला. वहिनी नव्हती. काचेतून पाहिलं तर ती बाहेर बाकावर बसली होती, हातात पर्स, पाय जुळवून. दवाखान्यात नंबराला बसलेल्या माणसासारखी.

मी बाहेर गेले. “वयनी, चाल ना आत. शालू दाखवून राहिले.”

“तुमी पाहा. माप लागलं तं आवाज द्या.”

“अवं, ते मी केशरबाईले तसं सांगितलं. नाही तं त्याइनं नाक मुरडलं असतं. इथे ताट नाही, काही नाही. तू बिनधास्त चाल अन पाह्यजे त्या शालूले हात लाव. कोनाच्या ध्यानातबी येनार नाही.”

“म्हून इथे आनलं मले? इतक्या दूर?”

“हो मंग!” मला अजूनही कौतुकाची अपेक्षा होती.

वहिनीनं पर्स बाकावर ठेवली. “म्हंजे चोरून. माझ्या पोटच्या पोरीचा शालू मी चोरून पाहू? जमुनाबाई, मी दुकानात बसतो. जो मानूस नजर चुकवून माल देते ना, त्याच्या मालात खोट असते. माझ्यात काय खोट हाय, सांगा मले.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “माझं नाही गं. केशरबाईचं कसं हाय, तुले तं माहीत हाय.”

“थोरलीच्या वेळेस केशरबाई होत्या का?”

ती शांतपणे म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते.

वर मी म्हटलं की थोरलीच्या बस्त्याला वहिनी घरी थांबली. ते खरं नाही. ती थांबली नाही, मी थांबवलं. त्या दिवशी ती निघाली होती. नवी चप्पल घालून, केस विंचरून, दुकानाची किल्ली शेजारी देऊन अंगणात उभी होती. गाडीत एक जागा रिकामी होती. मीच तिच्याजवळ जाऊन, हळू आवाजात, फार समजूतदारपणे सांगितलं होतं की वयनी, तू राह्य घरी, मी आनतो चांगला. तेव्हाही ती “बरं” म्हणाली होती. आणि मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आले की लोक बोलतात. लोक कशाला, मीच होते की. आजच्या बेतातही मी ड्रायव्हरला विचारलं, फोनवरच्या पोरीला विचारलं, केशरबाईंना विचारलं. हिला तेवढं विचारलं नाही.

मला खूप लाज वाटली. आयुष्यात प्रथमच पुढे काय करायचं ते वहीत लिहिलेलं नव्हतं.

मी तशीच आत गेले. रागिणी आरशासमोर उभी होती, खांद्यावर एक केशरी शालू, आणि तिच्याभोवती सगळ्या बाया. केशरबाई सोफ्यावर.

“थांबा जरा सगळ्या,” मी म्हणाले. शाळेतला आवाज लागला. दुकानातली मुलगीसुद्धा सरळ उभी राहिली. “केशरबाई, मी तुमाले खोटं सांगितलं. शकुनवयनी मापाले आली नाही. पोरीचा शालू निवडायले आली. थोरलीच्या बस्त्याले मी तिले घरी बसवलं होतं, रीत म्हून. चुकलं माझं. आज मले ते पुन्हा करायचं नाही.”

मागे कुठेतरी इंग्रजी गाणं बारीक आवाजात वाजत होतं, तेवढंच.

केशरबाईंनी पदर खांद्यावर ओढला. “आमच्या घरी हे चालत नाही जमुनाबाई. तुमी फोनवर सांगितलं असतं तं मी तेव्हाच नाही म्हनली असती.”

“म्हूनच नाही सांगितलं. तेबी चुकलं.”

रागिणीनं केशरी शालू खांद्यावरून उतरवला आणि घडी करून दुकानातल्या मुलीच्या हातात दिला. “आत्या,” ती केशरबाईंना म्हणाली, “आई निवडन तो मी नेसन. आईनं नाही निवडला तं मी ड्रेसवर उभी राहीन मांडवात. तुमीच ठरवा.” पोरगी पुण्यात नोकरी करते, पण बोलली ती अगदी आमच्या अंगणातली.

कुलदीप दारात उभा होता. आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं छताकडे पाहिलं. त्याच्याकडून तेवढीच मदत झाली, पण ती पुरली.

“निवडू द्या मंग,” केशरबाई म्हणाल्या. “कुंकू मात्र मीच लावीन. ते नाही सोडनार मी.”

मी बाहेर आले. वहिनी तशीच बसली होती.

“चाल. सांगून आली मी. सगळ्याइच्या समोर.”

“काय सांगितलं?”

“थोरलीच्या वेळेस मी थांबवलं, ते चुकलं म्हनलं. अन आज तू शालू निवडायले आली म्हनलं. पन वयनी, तुले मी इचारलंच नव्हतं. आता इचारतो. येतं का?”

“केशरबाई काय म्हनल्या?”

“फुगल्या हायेत. कुंकू त्या लावतो म्हनतात.”

“लावू दे. कुंकवासाठी नाही आली मी.” तिनं पर्स उचलली आणि माझ्या पुढे चालू लागली.

पुढचे दोन तास त्या दुकानात फक्त तिचं राज्य होतं. पहिला शालू तिनं उचलला, झटकला, उलटा केला, काठ नखानं घासून पाहिला आणि बाजूला सारला. “दुसरा.” दुसऱ्याची जर बोटाला टोचते म्हणाली. तिसरा उजेडात नेऊन पाहायचा होता. मुलगी म्हणाली, मॅम, माल बाहेर नेता येत नाही. वहिनी म्हणाली, “मंग तुमी धरा येक टोक, मी धरतो येक, दारापोवतर तं येता येते ना?” मुलगी मुकाट्यानं टोक धरून दारापर्यंत गेली. केशरबाई सोफ्यावर पाठ फिरवून बसल्या होत्या. सातव्या शालूला त्यांची मान वळली, नवव्याला त्यांना राहवलं नाही.

“तो जांभळा पाहा वो शकुनबाई.”

“पाह्यला. रागिणीले नाही शोभत. तुमाले शोभन,” वहिनी म्हणाली. केशरबाईंनी तो लगेच अंगावर धरून आरशात पाहिला, मग आपण रुसलेलो आहोत हे आठवून परत ठेवला.

शेवटी एक हिरवा निघाला, डाळिंबी काठाचा. वहिनीनं तो रागिणीच्या खांद्यावर टाकला, निऱ्या धरल्या, दोन पावलं मागे सरकली. नुसती बघत राहिली. मग पुढे होऊन लेकीच्या गालावरून हात फिरवला, आणि रागिणी रडायला लागली. मी माझं घड्याळ पाहायचं नाटक केलं, कारण मला कोणाला रडताना दिसायचं नव्हतं. जेवणाची वेळ टळून गेली होती. माझ्या सहलीत असं कधी झालं नव्हतं.

बिलाच्या काउंटरवर मी पोचले तेव्हा वहिनी पैसे देऊन मोकळी झाली होती. पिशव्या दोन होत्या. मी डोकावलं. एकीत हिरवा, दुसरीत एक मोतिया रंगाचा. तो तिनं कधी बाजूला काढून ठेवला होता, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. केशरबाईंनी करंडा उघडला, हिरव्याला कुंकवाचं बोट लावलं. मोतिया पाहून त्या क्षणभर थांबल्या. मग काही न विचारता त्यालाही लावलं.

“वयनी, हा दुसरा कोनासाठी?” मी विचारलं.

“थोरलीसाठी.”

“थोरलीसाठी? अवं, तिच्या लग्नाले नऊ वर्सं झाली. तिचा शालू हाय ना. मी आनला होता.”

“हो. चांगला होता तुमचा,” वहिनी म्हणाली. “हा तिच्या मायनं आनला.”

बाहेर ऊन चढलं होतं. जेवायला गाडीपर्यंत बरंच चालायचं होतं, कुलदीपचा सूट आणि बाकीचं त्यानंतर, आणि माझे हात रिकामे होते. मी म्हटलं, वयनी, दे, एक पिशवी मी धरतो. तिनं हिरव्याची पिशवी माझ्या हातात दिली. थोरलीची दिली नाही.